फरसबंद पॅटिओवर लाकडी डेक: ढाळ, उंची आणि कड्यांची दिशा

घराच्या मागच्या दारापुढे ४.८ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद असा काँक्रीटच्या फरश्यांचा पॅटिओ. फरश्या ६०० मिमी चौरस. भिंतीलगत एका ओळीत आठ, बागेच्या दिशेने अशा सहा ओळी. घरात नवरा-बायको आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजी. तक्रारी तीन होत्या. दारातून खाली उतरायची पायरी फार उंच होती, काही फरश्या पाय पडताच डुगडुगत होत्या, आणि पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी भिंतीलगत पाणी तसंच उभं राहत होतं. या तिन्हींवर एकच उपाय म्हणून त्यांनी पॅटिओवर लाकडी डेक घालायचं ठरवलं होतं.

काम माझ्याकडे आलं तेव्हा सुताराने बेत मांडून ठेवला होता. फरश्यांवर ठोकळे ठेवायचे, त्यांवर १५० मिमी उंचीच्या कड्या, म्हणजे फळ्यांना खालून आधार देणारी लांब लाकडं, भिंतीला समांतर टाकायच्या, वर २८ मिमी जाडीच्या फळ्या दारापासून बागेकडे जाणाऱ्या, आणि सगळा डेक उंबरठ्याच्या पातळीला आणायचा. कागदावर बेत देखणा होता. सुताराच्या हाताबद्दल मला शंका नव्हती, त्याचे सांधे मी पाहिले आहेत. बेतात विचार राहिला होता तो पाण्याचा. फळ्यांच्या फटींतून खाली गेलेलं पाणी पुढे कुठे जाणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या एका प्रश्नातून निघाला, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आधी पॅटिओची तपासणी

लेव्हल पाइप लावून प्रत्येक ओळीची पातळी घेतली. बाहेरच्या चार ओळी ठीक होत्या. त्यांना बागेच्या दिशेने ८० ला १ असा ढाळ होता, म्हणजे दर मीटरला साडेबारा मिलिमीटर. मूळ गवंड्याने काम नीट केलेलं दिसत होतं. भिंतीलगतच्या दोन ओळी मात्र खचल्या होत्या. भिंतीवर जुन्या सिमेंटची एक रेघ राहिली होती, त्यावरून फरशीची मूळ पातळी कळली. त्या पातळीपेक्षा भिंतीकडची कडा २५ मिमी खाली गेली होती. त्यामुळे पहिल्या दोन ओळींचा ढाळ उलटला होता आणि त्यांच्यावर पडलेलं पाणी थेट भिंतीकडे जात होतं. खात्रीसाठी दुसऱ्या ओळीवर बादलीभर पाणी ओतलं. ते बागेकडे गेलंच नाही. भिंतीच्या पायथ्याशी जाऊन थांबलं.

भिंतीलगतच फरश्या खचण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पाया खणताना भिंतीच्या बाजूला चर पडतो, बांधकाम झाल्यावर तो मातीने भरला जातो, आणि तो भराव थराथराने धुम्मस करून बसवलेला नसेल तर पुढची अनेक वर्षं दबत राहतो. इथे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. छताच्या पन्हळीतून खाली येणारा पाइप कोपऱ्यातल्या वळणावर गळत होता. प्रत्येक पावसात तिथलं पाणी फरशीखालची वाळू धुऊन नेत होतं. डुगडुगणाऱ्या फरश्या त्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त असणं हा योगायोग नव्हता.

घरमालकांनी विचारलं, "वरून झाकायचंच आहे, तर खालच्या फरश्यांवर खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि असं काम काढणारा जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. उघड्या पॅटिओवर साचलेलं पाणी उन्हाने आणि वाऱ्याने कधीतरी सुकतं. डेकखाली ऊन पोहोचत नाही आणि वाराही मंदावतो, त्यामुळे तेच पाणी कितीतरी जास्त काळ टिकतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. साचलेल्या पाण्यावर ठेवलेली कडी त्या पातळीच्या खाली येतच नाही. औषध मुरवलेलं लाकूड असलं तरी त्याचं आयुष्य वाढतं, अमर होत नाही. भिंतीत शिरणारी ओल तर डेक घातल्यावर दिसायचीही बंद होते. ती घरातल्या रंगाला फोड आल्यावरच कळते.

म्हणून आधी गवंडीकाम. पाइपचं वळण बदलून पाणी नीट ट्रॅपमध्ये सोडलं. भिंतीलगतच्या दोन ओळींतल्या सोळा फरश्या उचलल्या. खालचा सैल भराव काढून खडी घातली, थराथराने धुम्मस केली, वर वाळू-सिमेंटचा थर दिला आणि फरश्या मूळ ढाळात परत बसवल्या. सांधे भरून घेतले. बाहेरच्या ओळींतल्या ज्या मोजक्या फरश्या हलत होत्या त्याही पक्क्या केल्या. मग पुन्हा बादली ओतली आणि पाणी भिंतीपासून बागेपर्यंत कुठेही न थांबता गेलं. भिंत ते बाहेरची कडा मिळून ४५ मिमीचा ढाळ पुरा झाला.

पॅटिओ इतका खराब असता की निम्म्याहून जास्त फरश्या उचलाव्या लागल्या असत्या, तर त्या सगळ्या काढून डेकसाठी स्वतंत्र पाये घ्या असाच सल्ला मी दिला असता. सोळा फरश्यांसाठी तसं करणं चुकीचं होतं. चांगला बसलेला पॅटिओ म्हणजे डेकला आयता पाया मिळतो: माती नाही, तण नाही, आणि वाळवी वर चढू लागली तर तिची मातीची नळी फरशीवर दिसून येते.

उंची: मधले नव्वद मिलिमीटर

नंतरचा वाद उंचीवर होता आणि तो सोपा नव्हता.

घराच्या जोत्यात ओल अडवणारा थर, म्हणजे डीपीसी, सुधारलेल्या फरशीपासून २४० मिमी वर होता. बाहेरची जमीन, फरशी किंवा डेक या थराच्या किमान १५० मिमी खाली ठेवावी असा बांधकामातला जुना आणि विचारपूर्वक ठरलेला संकेत आहे. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून भिंतीवर उडतात. ते डीपीसीच्या वर उडू लागले, की खालून ओल अडवणाऱ्या थराला काही अर्थ उरत नाही. २४० मधून १५० गेले, उरले ९०. कड्या, फळ्या आणि खालचे पॅड, सगळं एवढ्यातच बसवायचं होतं.

सुताराच्या बेतात कडी आणि फळीच १७८ मिमी होत होती. वर उंबरठ्याला समपातळी करायची म्हणजे एकूण २६० मिमी, डीपीसीच्याही २० मिमी वर. शिवाय भिंतीत फरशीपासून १५० मिमीवर दोन हवेच्या जाळ्या होत्या. त्या घराच्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळती ठेवतात. समपातळी डेकमागे त्या पूर्ण झाकल्या गेल्या असत्या, आणि बाहेर लाकडी डेक करण्याच्या नादात घरातली लाकडी जमीन कुजायला लागली असती. जाळ्या झाकणारा डेक मी कोणत्याही कारणासाठी करणार नाही, हे स्पष्ट सांगितलं.

घरमालकिणीला हे पटेना, आणि तिचं कारण साधं व खरं होतं. सासूबाईंना पायरी उतरावी लागू नये म्हणूनच तिने हा सगळा घाट घातला होता. खचलेल्या फरशीपासून उंबरठा २८५ मिमी उंच होता. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला ही उंची धोक्याचीच. भिंतीपासून मोठं अंतर सोडून मधे लोखंडी जाळी टाकता येईल का, यावरही आम्ही विचार केला. डीपीसीचा प्रश्न त्याने काहीसा सुटला असता. पण हवेच्या जाळ्यांसमोरची मोकळी जागा पानांनी भरत राहिली असती आणि दाराशी जाळीत काठीचं टोक अडकलं असतं.

शेवटी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "पायरीचं भय नाही रे, उतरताना हाताला काही लागत नाही त्याचं भय वाटतं." मग निर्णय झाला. डेकची वरची पातळी फरशीपासून ८६ मिमी: ८ मिमीचे रबरी पॅड, ५० मिमीची कडी, २८ मिमीची फळी. डीपीसी त्याच्या १५४ मिमी वर राहिला आणि हवेच्या जाळ्यांची खालची कड ६४ मिमी वर, मोकळी. पायरी २८५ वरून १७४ मिमीवर आली, म्हणजे जिन्याच्या नेहमीच्या पायरीएवढी. आणि दाराशेजारी भिंतीत, डीपीसीच्या बऱ्याच वर, हाताला धरायचा मजबूत दांडा बसवला.

कड्या कोणत्या दिशेने

सुताराशी माझं सगळ्यात लांबलेलं बोलणं या एका मुद्द्यावर झालं. त्याला फळ्या दारापासून बागेकडे जाणाऱ्या हव्या होत्या. तशा फळ्यांनी जागा लांब दिसते, हे खरं आहे. पण फळ्या बागेकडे गेल्या की त्यांना आधार देणाऱ्या कड्या भिंतीला समांतर येतात, आणि पाणी तर भिंतीकडून बागेकडे वाहतं आहे. म्हणजे नऊ-दहा ठिकाणी आपणच पाण्याला बांध घालायचा.

सुतार म्हणाला, "दादा, खाली पॅड आहेत ना, आठ मिलिमीटरची फट राहते, पाणी जाईल की." पहिल्या पावसात जाईल. पण फळ्यांच्या फटींतून माती, परागकण, गवताचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या असं काही ना काही सतत खाली पडत असतं. त्याचा गाळ वाहत येऊन पहिल्या अडथळ्यापाशी थांबतो. आठ मिलिमीटरची फट भरायला त्याला फार काळ लागत नाही. आणि ती भरली की तो ओला गाळ कडीच्या बुडाला कायमचा चिकटून राहतो. वरून फळ्या कोरड्या दिसतात आणि कड्या खालून कुजत जातात. डेक अचानक मऊ लागायला लागला म्हणून फळी उघडावी आणि कडी हाताने कुसकरली जावी, अशी जी कामं मी पाहिली आहेत त्यांत बहुतेक वेळा कड्या ढाळाला आडव्या होत्या.

म्हणून कड्या ढाळाच्या दिशेने, भिंतीकडून बागेकडे टाकल्या आणि फळ्या भिंतीला समांतर घेतल्या. आता दोन कड्यांच्या मधे सरळ मोकळी नाली तयार झाली. वरच्या टोकाला पाणी पडलं की खालच्या टोकाला बाहेर. डेकलाही पॅटिओचाच ८० ला १ ढाळ दिला. डेक पाणसळीत हवा असा आग्रह बरेच जण धरतात. त्यासाठी बाहेरच्या टोकाला ४५ मिमीपर्यंत उंच ठोकळे द्यावे लागले असते आणि फळ्यांवरचं पाणी जागीच थांबलं असतं. दर मीटरला साडेबारा मिलिमीटरचा उतार टेबल-खुर्चीला जाणवत नाही. आजींना काठीने चालताना जाणवतो का, हे फरशीवरच चालायला लावून पाहिलं होतं. त्यांना जाणवला नाही.

कड्यांच्या जागा ठरवताना फरश्यांचे सांधेही पाहावे लागले. कड्यांमधलं अंतर ४०० मिमी धरलं होतं, कारण २८ मिमीच्या पाइन फळीला एवढा आधार पुरतो. फळ्या तिरक्या घातल्या असत्या तर हे अंतर ३०० मिमीवर आणावं लागलं असतं. आता फरश्या ६०० मिमीच्या. पहिली कडी अगदी कडेला ठेवली तर दर तिसऱ्या वेळी, १२०० मिमीवर, कडी बरोबर सांध्यावर येते. पॅड दोन फरश्यांवर अर्धा-अर्धा टेकला आणि त्यांतली एक पुढे थोडी खचली, तर तो एका बाजूने मोकळा होतो. म्हणून पहिली कडी कडेपासून १०० मिमी आत घेतली. मग एकाही कडीचा मध्य कोणत्याही सांध्याच्या १०० मिमीपेक्षा जवळ येत नाही. अशा बारा कड्या झाल्या, आणि दुसऱ्या टोकाला फळी लोंबकळू नये म्हणून जवळच तेरावी.

कडी ७५ मिमी रुंद आणि ५० मिमी उंच, म्हणजे आडवी ठेवलेली. चौकोनी ५० बाय ५० ची कडी स्वस्त पडते, पण ती सुकताना पिळते आणि तिच्यात दोन स्क्रू शेजारी-शेजारी बसवायला जागा अपुरी पडते. प्रत्येक कडीखाली सहाही फरश्यांच्या मध्यावर एकेक पॅड, शिवाय दोन्ही टोकांना एकेक. पॅड रबराचेच हवेत. उंची जुळवायला लाकडाची पाचर मारण्याची सवय आपल्याकडच्या हातांना फार असते. ती पाचर पाणी शोषते, पहिली कुजते आणि तिथून कडीला लागण होते.

सांगाडा फरशीला कुठेही स्क्रूने जखडला नाही. लाकूड सगळं मिळून तीनशे किलोंच्या वर जातं, तेवढं वजन त्याला जागेवर धरून ठेवतं. फरशीला भोकं पाडली असती तर त्यांतून पाणी खाली गेलं असतं आणि नुकताच बसवलेला थर पुन्हा हलला असता. भिंतीलाही काही जोडलं नाही. डेक आणि भिंत यांच्यात १२ मिमीची मोकळी फट सगळीकडे राखली.

कड्या पिळू नयेत म्हणून टोकांना मधे आडवे तुकडे लागतात. ते कडीएवढ्या उंचीचे घातले तर पुन्हा तोच बांध तयार होतो. सुताराने हे लगेच हेरलं आणि स्वतःच २५ मिमी उंचीचे तुकडे कापून कडीच्या वरच्या कडेला लावले. खाली ३३ मिमी जागा मोकळी राहिली.

चेंबरचं झाकण

चौथ्या ओळीत सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण होतं. ते डेकखाली गाडून टाकणं म्हणजे कधीतरी रात्री पाणी तुंबल्यावर फळ्या पहारीने उखडणं. एक कडी त्या झाकणावरूनच जात होती. ती तिथे तोडली, दोन्ही तुटकी टोकं आडव्या तुकड्यांनी शेजारच्या कड्यांना जोडली आणि चार फळ्यांच्या रुंदीचं सुटं झाकण बनवलं. त्याला स्वतःची चौकट आहे, चार स्क्रू काढले की ते अख्खं उचलता येतं. फळ्यांच्या रेषा आजूबाजूच्या फळ्यांशी जुळवल्यामुळे ते पटकन दिसत नाही, पण कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवलं आहे.

लाकूड आणि लोखंड

लाकूड कुठे वापरायचं त्यावरून त्याला किती खोल औषध मुरवायचं हे ठरतं. ईएन ३३५ या युरोपीय मानकात वापराचे पाच वर्ग आहेत. उघड्यावर पण जमिनीपासून सुटं असलेलं लाकूड तिसऱ्या वर्गात येतं, जमिनीला किंवा गोड्या पाण्याला टेकलेलं चौथ्या. कड्या पॅडवर असल्या तरी फरशीपासून जेमतेम आठ मिलिमीटर वर, कायम सावलीत. त्यांना चौथाच वर्ग हवा. फळ्यांना तिसरा पुरला. औषध दाबाखाली मुरवलेलं असलं तरी ते आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचलेलं नसतं, त्यामुळे जिथे जिथे करवत चालली त्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांतूनच.

घरमालकांकडे जुन्या कुंपणाच्या हिरवट फळ्या पडून होत्या, त्या कड्यांसाठी वापराव्या असं त्यांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. जुन्या काळी लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवलं जाई. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबलं. कुंपण त्याआधीचं असण्याची शक्यता होती. असं लाकूड कापताना उडणारा भुसा श्वासात जाऊ देऊ नये आणि ते जाळू तर मुळीच नये.

आताच्या औषधांत आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त आहे आणि ते साध्या जस्त चढवलेल्या स्क्रूला लवकर खातं. म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतले. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टील घ्यावं लागलं असतं, इथे ३०४ पुरेसं होतं. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट असावी, म्हणजे ७० मिमी. कडी आणि फळी मिळून ७८ मिमी होतात, त्यामुळे ७० चा स्क्रू आतच राहतो. ८० चा घेतला असता तर सहाशेहून अधिक टोकं कड्यांच्या बुडातून बाहेर आली असती आणि प्रत्येक टोकाशी पाण्याला आत जायला वाट मिळाली असती. कडीच्या वरच्या पृष्ठभागावर ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी चिकटवली, ती स्क्रूभोवती बसून भोक बंद करते.

फळ्या आल्या तेव्हा ओल्या होत्या. दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड बहुधा ओलंच येतं. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र चांगलंच आकसतं. ओल्या फळ्यांत ६ मिमी फट ठेवली तर सुकल्यावर ती दहाच्या आसपास जाते, आणि एवढ्या फटीत काठीचं बारीक टोक अडकू शकतं. म्हणून फळ्या मधे पट्ट्या देऊन, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल अशा रचल्या आणि सुकू दिल्या. मगच १४५ मिमी रुंदीच्या चोवीस फळ्या ६ मिमी फटीने बसवल्या. सगळ्या अखंड ४.८ मीटर लांबीच्या होत्या, त्यामुळे मधे कुठेही जोड आला नाही. टोकाजवळच्या प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडलं.

फळ्या सपाट घेतल्या, खाचांच्या नाहीत. खाचांनी पाय घसरत नाही ही समजूत घट्ट बसली आहे. खाचांत पाणी आणि धूळ साठते, तिथे शेवाळ धरतं, आणि घसरायला कारण होतं ते शेवाळच. शिवाय इथे फळ्या ढाळाला आडव्या, म्हणजे प्रत्येक खाच पाणी धरून बसली असती. दारापासून बागेपर्यंतच्या चालीच्या वाटेवर खडीमिश्रित राळेच्या खरखरीत पट्ट्या बसवल्या. काठीला पकड त्यांनी मिळते.

भिंतीलगतची पहिली फळी इतर फळ्यांसारखी वरूनच स्क्रूने लावली, पण ती कधीही काढता येईल अशी. ती काढून पाण्याची नळी लावली की कड्यांमधली प्रत्येक नाली वरून खालपर्यंत धुता येते. बाहेरचं टोक फळीने बंद केलं नाही. उंदीर-घुशी आत राहू नयेत म्हणून स्टेनलेस स्टीलची जाळी लावली, तीही निघणारी.

वर्षभरानंतर

पहिल्या जोरदार पावसात घरमालकांनी छत्री धरून बाहेरच्या कडेशी पाहणी केली. जाळीखालून पाणी सगळ्या रुंदीत बाहेर पडत होतं. भिंतीचा पायथा दुसऱ्या दिवशी कोरडा होता.

वर्षभराने मी पहिली फळी आणि चेंबरचं झाकण उघडून पाहिलं. ओलावा मोजायच्या यंत्राची टोकं कड्यांच्या बुडाशी टोचली. सगळीकडे २० टक्क्यांच्या खालीच आकडे आले. दोन नाल्यांत बाहेरच्या जाळीपाशी पानांचा चुरा जमला होता. त्याच्या वर मोठं झुडूप आहे. जाळी काढून नळीने तो वाहून गेला. हे काम वर्षातून दोनदा करायला सांगितलं आहे, पानगळ संपल्यावर आणि पावसाच्या आधी. झुडपाच्या सावलीतल्या कोपऱ्यात फळ्यांवर शेवाळाची पातळ झाक होती. ताठ केसांच्या ब्रशने फळीच्या रेषेत घासून ती गेली. जोरदार पाण्याचा पंप वापरू नका असं बजावलं, कारण त्याने लाकडाचे मऊ तंतू उखडतात आणि खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर शेवाळ आणखी चांगलं धरतं.

एका फळीला बाक आला आहे, कडा दोन-तीन मिलिमीटर वर उचलल्या आहेत. ती चालीच्या वाटेवर नाही म्हणून तूर्त राहू दिली. दुसऱ्या एका फळीच्या टोकाला चीर गेली आहे, तीही वरवरची. रंग मात्र सगळीकडे राखाडी होत चालला आहे, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन विरतं. घरमालकिणीला मूळ तपकिरी रंग परत हवा आहे. त्यासाठी आत मुरणारं रंगीत तेल लावायचं ठरलं. ते दरवर्षी पुन्हा लावावं लागेल. व्हार्निश सुचवणारे बरेच भेटतील, पण उघड्यावरच्या जमिनीवर त्याची पापडी सुटते आणि पुढच्या वेळी सगळं खरवडावं लागतं.

आजी रोज सकाळी दांडा धरून डेकवर उतरतात. कोपऱ्यातल्या पाइपचं वळण प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहायची जबाबदारी घरमालकांनी घेतली आहे. त्याच लाकडाच्या तीन फळ्या जास्तीच्या घेऊन बागेतच उघड्यावर, विटांवर ठेवल्या आहेत. बाक आलेली फळी कधी बदलावी लागली, तर नवी फळीही तोपर्यंत तेवढंच ऊन-पाऊस खाऊन तशाच रंगाची झालेली असेल.